बासाला पुरलं तो मंगळवार

१

रोज सकाळी मी दारात उभी राहून माणसं मोजते.

आमचं डोंगरघर तात्राच्या डोंगरात, शेवटच्या झाडांच्याही वर आहे. ते सासरे चालवतात, गाश्पार त्यांचं नाव. माझा नवरा मातूश खालच्या गावातून पाठीवरच्या लाकडी चौकटीवर सामान वाहून आणतो. पीठ, बटाटे, गॅसच्या टाक्या, एकदा तर कपडे धुवायचं यंत्रसुद्धा आणलं. मी रांधते, पोर सांभाळते आणि मोजते.

स्की लावून डोंगर चढायला आलेली माणसं रात्री आमच्याकडे मुक्काम करतात आणि सकाळी निघतात. प्रत्येकाच्या छातीशी एक छोटं यंत्र बांधलेलं असतं. आम्ही त्याला पिपाक म्हणतो. माणूस बर्फाखाली गाडला गेला तरी ते आतून टिप टिप करत राहतं. वरच्या माणसाने आपलं पिपाक ऐकण्यावर लावलं की खालचा किती मीटरवर आहे तो आकडा दिसतो, आणि बाणही दिसतो. माझ्या हातातलं नेहमी ऐकण्यावर असतं. एकेक जण समोरून जातो, त्याचं वाजलं की मी वहीत रेघ मारते. नाही वाजलं तर जाऊ देत नाही, मग तो कितीही मोठा साहेब असो.

"हिचं चाललं तर ही मांजरीलाही पिपाक बांधेल," सासरे म्हणतात.

बांधलं होतं एकदा. त्यात एवढं हसण्यासारखं काय आहे?

जुनी यंत्रं सगळी एका तालात वाजत नाहीत. मातूशचं सगळ्यांत जुनं, त्याच्या वडिलांनी वापरलेलं. ते टिप, टिप असं दोनदा नीट वाजतं, मग अडखळून टि-टिप करतं. लंगडा माणूस चालत आल्यासारखं. तो ओझं घेऊन वर येताना मी दारातून ते ऐकते, आणि ऐकलं की कोबीचं सूप गरम करायला ठेवते.

उपवासाचे चाळीस दिवस सुरू व्हायच्या आधीचा तो रविवार होता. आमच्याकडे हे दिवस नाचण्याचे, तळण्याचे आणि सोंगं काढण्याचे. आदल्या दिवशी गावातून वेंदेलिनकाका व्हायोलिन घेऊन आले होते आणि ब्लाझेइ बासा वाजवायला आला होता. बासा म्हणजे माणसाच्या उंचीचं, उभं धरून वाजवायचं व्हायोलिन. ती मातूशनेच पाठीवर बांधून आणली होती. मंगळवारी तोच ती परत खाली नेणार होता, कारण त्या दिवशी गावात बासाला पुरतात. खोटा पाद्री, खोटी विधवा, खोटं रडणं, सगळं असतं. एकदा पुरली की ईस्टरपर्यंत गावात सूर नाही.

त्या सकाळी चार पाहुणे बाहेर पडले. मी चार रेघा मारल्या. त्यांची टिपटिप लांब जात बंद झाली. मी दार लावलं.

हातातलं पिपाक वाजतच होतं. टिप, टिप, टि-टिप.

बाण मागच्या भिंतीकडे होता आणि आकडा अडतीस. मला वाटलं मातूश मागे लाकडं आणायला गेला असेल. स्वयंपाकघरात डोकावले तर तो शेगडीपाशी बसून बटाटे सोलत होता. त्याचं पिपाक खिळ्यावर टांगलेलं होतं, आणि ते बंद होतं.

२

"दिव्यांच्या तारांमुळे होतं," मातूश म्हणाला. "नाहीतर कोणाच्या फोनमुळे. घरात ही यंत्रं वेडीच होतात."

"तुझ्याच तालात वेडी होतात?"

"मग माझ्या बायकोचं यंत्र दुसऱ्या कोणाच्या तालात वेडं व्हावं असं वाटतं तुला?"

सासरे बटाट्याच्या सालींवर वाकून हसले. मलाही हसू आलं. तो तसाच आहे, आपल्याला भीती वाटायला लागली की मधेच काहीतरी बोलतो आणि भीती लाजून पळते.

तरी मी त्याच्या पिपाकच्या बॅटऱ्या काढल्या. दोन्ही पिठाच्या डब्यावर ठेवल्या. मग फोन सगळे लाकडाच्या खोपीत नेऊन ठेवले, दिवे मालवले.

टिप, टिप, टि-टिप. अडतीस.

"बर्फावरून काहीतरी उलटून येत असेल," मातूश म्हणाला. "जा, शिश्की करपतायत."

शिश्की म्हणजे जर्दाळूचा मुरंबा भरलेले तळलेले गोड गोळे. त्या करपवायच्या नसतात, वर्षातून एकदाच होतात. मी यंत्र बंद करून खिशात टाकलं आणि एकशेवीस शिश्की तळल्या. वेंदेलिनकाकांनी त्यातल्या चौदा खाल्ल्या आणि पंधरावी हातात घेऊन व्हायोलिन वाजवलं. रोझाल्का, माझी दहा महिन्यांची मुलगी, टेबलाखाली बसून तोंडभर साखर लावून टाळ्या पिटत होती. त्या दिवशी तरी मी पुन्हा यंत्र लावलं नाही.

३

सोमवारी लावलं. चार पाहुणे गेले, चार रेघा झाल्या, आणि मग ते वाजायला लागलं. आकडा सतरा.

मी घरातून चालून बघितलं. आमचं घर दाराच्या उंबऱ्यापासून मागच्या भिंतीपर्यंत बारा मीटर. म्हणजे ते जे काही होतं ते भिंतीच्या पलीकडे पाच मीटरवर. मागे खिडकी आहे. खिडकीतून बर्फ दिसत होता, आणि बर्फावर कोणाचं पाऊल नव्हतं. रात्रभर वारा वाहिला होता, तोही उलटा. दरवर्षी आमच्याकडे वायव्येचा वारा असतो, यंदा दोन दिवस दक्षिणेचा सुटला होता.

गावातल्या बचाव पथकाने फोनवर बर्फ कोसळण्याच्या धोक्याचा आकडा दोन सांगितला. पाचपैकी दोन. मी तो दारावरच्या फळीवर खडूने लिहिला.

"तू स्वतः बर्फ खणून तपासून बघ ना," मी मातूशला म्हटलं.

तो लगेच गेला. मला बरं वाटावं म्हणूनच गेला, हे कळत होतं. लाल खांबापाशी, जिथे त्याचे आजोबा, वडील आणि तो, तिघांनी दरवर्षी खणलं, तिथेच त्याने छातीइतका खड्डा खणला. बर्फाचा एक खांब कापून मोकळा केला, त्यावर फावड्याचं पातं ठेवलं आणि थापा मारायला लागला. दहा मनगटातून, दहा कोपरातून, मग खांद्यातून. मी रोझाल्काला कडेवर घेऊन मोठ्याने मोजत होते. तेविसाव्या थापेला कुठे खांब तुटला. जितक्या जास्त थापा लागतात, तितका बर्फ पक्का.

"तेवीस! याच्यावरून लग्नाची वरात नेली तरी हलणार नाही."

"लाल खांब घळीत नाही पण," मी म्हटलं.

आमच्याकडून गावात उतरायची हिवाळ्यातली वाट एकच, ती लांब घळीतून आडवी जाते. घळीचं तोंड उत्तरेकडे आहे. लाल खांब घराच्या पुढच्या अंगाला, उन्हाच्या बाजूला.

"आजोबा काय मूर्ख होते?" मातूश म्हणाला.

आजोबांच्या वेळी वारा दक्षिणेचा नव्हता, हे माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याच्याकडे डोंगरवाटाड्याचा बिल्ला आहे. माझ्याकडे वही आहे.

४

मंगळवारी सकाळी मी कोणाला मोजायच्या आधीच, नुसतं बटण दाबलं.

दोन.

दोन मीटर, म्हणजे याच खोलीत. बाण कोपऱ्याकडे होता. कोपऱ्यात बासा उभी होती.

मला एकदम राग आला आणि रागाबरोबर केवढं हलकं वाटलं. वेंदेलिनकाका! त्यांनीच एखादं जुनं पिपाक बासाच्या पोटात सोडलं असणार. मी ओट्याशी जाऊन त्यांच्या पुढ्यातली थाळी ओढून घेतली.

"काका, काढा ते बाहेर."

"काय काढू? पोटातल्या शिश्की?"

"बासात काय घातलंत?"

"मी? अगं, ब्लाझेइ मला तिला हातसुद्धा लावू देत नाही. स्वतःच्या बायकोपेक्षा तिला जपतो."

"बायको पण हिच्याइतकी गप्प राहिली असती तर तिलाही जपलं असतं," ब्लाझेइ म्हणाला.

"शपथ घ्या."

काकांनी शेवटच्या शिश्कीवर हात ठेवून शपथ घेतली. मी तीस वर्षांची झाले, जन्मापासून त्यांना ओळखते आहे. शिश्कीवर हात ठेवून ते खोटं बोलणार नाहीत.

मी बासापाशी गेले. तिच्या छातीवर दोन वळणदार फटी आहेत, आवाज बाहेर यायला. शेगडी दोन हातांवर होती, तरी लाकडाला हात लावला तर ते गार होतं. बाहेर ठेवलेल्या दुधाच्या किटलीसारखं गार. फटीला डोळा लावला. आत काळोख. पण गालाला वारा लागला, आणि त्याला ताज्या बर्फाचा वास होता. मी ब्लाझेइच्या विजेरीने आत पाहिलं. लाकूड, धूळ, कोणी तरी कधी चिकटवलेला कागद. बाकी काही नाही.

खिशात टिप, टिप, टि-टिप चालू होतं.

तेवढ्यात रोझाल्का रांगत माझ्या पायांमधून पुढे गेली. बासाला धरून उभी राहिली. आपल्या दोन्ही तळव्यांनी तिच्या पोटावर थापटलं, वर बघून हसली आणि म्हणाली, "तातो."

तातो म्हणजे बाबा. तिचा पहिला शब्द.

खोलीत एकच गलका झाला. सासरे उठून नाचायला लागले. पाहुण्यांनी पेले वाजवले.

"अरे, हा तर अन्याय आहे!" मातूश ओरडला. "दहा महिने मी घोडा झालो, आणि बाप कोण, तर हे खोकं!"

"बघितलंस? म्हणून सांगतो, बासाशी फार सलगी करू नये," ब्लाझेइ म्हणाला.

मातूशने पोरीला उचलून हवेत उडवलं. ती खिदळत होती. पण प्रत्येक वेळी वर गेली की मान वळवून कोपऱ्याकडेच बघत होती, आणि हात हलवत होती.

५

दुपारी सगळी सोंगं तयार झाली. वेंदेलिनकाका पाद्री, अंगात माझा झोपायचा झगा. ब्लाझेइ विधवा, माझाच लाल घागरा घालून. माझ्याकडे अंगावरचं सोडून काही उरलं नव्हतं. चारही पाहुण्यांनी तोंडाला काजळी फासली. मातूशने बासाला चादरीत गुंडाळून चौकटीवर बांधलं, आणि मी विणलेले लाल हातमोजे चढवले. उजव्याच्या अंगठ्यावर माझा एक टाका सुटलेला आहे. मी ते उसवून पुन्हा विणणार होते, पण त्याला तो टाका आवडतो.

"चला रे! गाव वाट बघतंय!"

मी दारात उभी राहिले. पिपाक हातात होतं. एकेक जण जायला लागणार होता, आणि सगळ्यांत पुढे बासा वाहणारा जातो, ही रीत आहे.

"मातूश, तुझं लाव."

त्याने लावलं. टिप, टिप, टि-टिप. आणि त्याच्या पाठीवरून, अर्ध्या पावलाच्या अंतराने, दुसरं. टिप, टिप, टि-टिप. एक माणूस आणि त्याच्या मागे तोच माणूस.

त्याने ऐकलं का, मला माहीत नाही. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळे एकदा खाली गेले.

मी दारात आडवी झाले.

"इथेच पुरा," मी म्हटलं.

"काय?"

"बासाला. इथेच पुरा. खाली नेऊ नका."

"योलाना, गावात पंचवीस वर्षं आमच्याच घरचा माणूस बासा नेतो. आज पुरली नाही तर वर्षभर लोक आम्हाला नावं ठेवतील. एखादी गाय मेली तरी आमच्यावर येईल."

"येऊ दे. पुरायची आहे ना? बर्फ इथे काय कमी आहे? पाद्री आहे, विधवा आहे."

"आणि रडायला कोण?" वेंदेलिनकाका म्हणाले. "गावात चाळीस बायका रडतात, शोभा असते. इथे रडणार कोण?"

"मी रडते."

"तू?" ब्लाझेइ कमरेवर हात ठेवून म्हणाला. "विधवा मी आहे. मी इतका वेळ तयारी केली."

"चाळीस बायकांइतकं रडले तर राहाल?"

काकांनी बाहेर बघितलं. आकाश निळंभोर होतं, ऊन पडलं होतं, जायला काही हरकत नव्हती. मग त्यांनी ओट्यावरच्या उरलेल्या शिश्कींकडे आणि आलुबुखारच्या दारूच्या बाटलीकडे बघितलं.

"रडून दाखव," ते म्हणाले.

मी मातूशकडे बघितलं. पाठीवर पांढरी चादर गुंडाळलेली माणसाएवढी वस्तू घेऊन तो दारात उभा होता. मला काही करावं लागलं नाही. जे तीन दिवस खिशात धरलं होतं ते वर आलं. मी उंबऱ्यावर बसून असं रडले की पाहुण्यांच्या हसण्याचं काय करावं ते त्यांनाच कळेना. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्लाझेइने आपला रुमाल मला दिला.

"हरलो," तो म्हणाला. "विधवा तूच."

मातूशने खांद्यावरचे पट्टे सोडले. माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "वेडे, मी जिवंत आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

६

खड्डा सासऱ्यांनी लाकडाच्या खोपीमागे खणायला घेतला. दुसरीकडे कुठे जागा नव्हती, पुढे सगळं पाहुण्यांच्या स्कींनी तुडवलेलं. तिथे उतार सुरू होतो. उत्तरेचा, घळीच्याच बाजूचा. आजवर तिथे कोणी खणलं नव्हतं.

काजळी लावलेले पाहुणे फावडी घेऊन आळीपाळीने खणत होते आणि गात होते. रोझाल्का माझ्या पाठीवर बांधलेली, ती त्यांच्याबरोबर सूर धरत होती. मी खरंच सांगते, तेव्हा मी आनंदात होते. ऊन होतं, सगळे डोळ्यांसमोर होते.

बासाला दोरीने खाली सोडली. जाता जाता चादर सरकली आणि ती फट माझ्या तोंडासमोरून गेली, वीतभर अंतरावरून. आत लाल काहीतरी होतं. लोकरीचं. ते आतून फटीला टेकलं आणि मागे गेलं.

ब्लाझेइच्या घागऱ्याची सावली असेल. घागरा लालच होता. मी ते स्वतःला दोनदा सांगितलं.

वेंदेलिनकाकांनी लाकडी पळी उचलली. खड्ड्याच्या काठावर बर्फाचा एक चौकोनी तुकडा उरला होता, तो त्यांना शवपेटीसारखा वाटला. त्यावर त्यांनी पळी आपटली.

"ए बासा, उठू नकोस!" ठक. "चाळीस दिवस उठू नकोस!" ठक. "आणि ब्लाझेइने बोलावलं तर मुळीच—" ठक.

तिसऱ्या थापेला वरचा अख्खा थर, हातभर जाड, एखाद्या ताटासारखा अलगद सरकला आणि बासावर जाऊन पडला. खालून साखर वाहायला लागली. खरीखुरी साखर वाटावी असे मोकळे, टपोरे बर्फाचे दाणे, एकमेकांना न धरणारे.

सगळे हसले. पाद्रीबुवांनी पुण्य कमावलं म्हणाले.

मातूश हसला नाही. तो गुडघ्यावर बसला. त्याने दाण्यांची मूठ भरली, बोटांतून गळू दिली, पुन्हा भरली. मग मान वर करून घळीच्या माथ्याकडे बघितलं. तिथे दक्षिणेच्या वाऱ्याने आणलेला सगळा बर्फ गोल, गुबगुबीत होऊन बसला होता.

"तीन थापा," तो म्हणाला. "तेही पळीने."

सासऱ्यांनी आत जाऊन फळीवरचा दोन पुसला. फळी कोरीच राहिली.

७

घळीतला सगळा बर्फ सव्वाचारला सुटला.

आधी खिडक्यांनी श्वास आत घेतल्यासारखं केलं. मग घराखालून गाडी जावी तसा आवाज, आणि टेबलावरचे सगळे पेले एका बाजूला सरकले. खिडक्या पांढऱ्या झाल्या. खोपीमागून, बर्फाखालून, बासाचा सर्वांत जाड सूर आला, एकच, लांबलचक. तिच्या तारा कोणी ओढत नव्हतं. हादऱ्याने वाजली असेल. तसं होतं म्हणतात.

शांत झाल्यावर वेंदेलिनकाका, अजून माझ्याच झग्यात, हळूच म्हणाले, "मातूश, निघालो असतो तर आत्ता आपण कुठे असतो रे?"

मातूशने घड्याळ बघितलं. "घळीच्या मधोमध."

मी मोजलं. पाहुणे चार, गाणारे दोन, सासरे, मातूश, मी, रोझाल्का. दहा. पुन्हा मोजलं. मांजरही मोजलं. मग पिपाक काढून बटण दाबलं आणि श्वास धरून उभी राहिले.

काही नाही. शून्यसुद्धा नाही, नुसत्या रेघा.

"मातूश, तुझं लाव."

टिप, टिप, टि-टिप. एकच.

"आता बंद कर."

शांत.

"पुन्हा लाव."

"योलाना, किती वेळा?"

"लाव म्हणते ना!"

त्याने ते वीस वेळा लावलं आणि वीस वेळा बंद केलं, आणि दर वेळी मी हसले, आणि मग सगळेच हसायला लागले. उपवासाला अजून काही तास होते. बासा नव्हती म्हणून सासऱ्यांनी रिकामं पिंप बडवलं. काकांनी व्हायोलिन वाजवलं, आणि मी ब्लाझेइबरोबर नाचले, माझ्याच घागऱ्याबरोबर. गावातल्या लोकांना फोन केला तेव्हा तेही रडत होते, आणि ते खोटं नव्हतं.

८

बुधवारी सकाळी बासाला उकरून काढली. ईस्टरपर्यंत बर्फात ठेवली असती तर लाकूड फुगलं असतं. पुरुष खड्डा बुजवत होते, मी तिला आत आणून पुसायला बसले. आता ती शेगडीपाशी कोमट होत होती, साध्या लाकडासारखी.

आडवी केली तर आत काही खळखळलं. फट खाली करून हलवली. बर्फाचे दाणे सांडले, मोकळे, साखरेसारखे. काल थर पडला तेव्हा फटीतून गेले असतील. मग फटीत काहीतरी अडकलं. मी दोन बोटांनी धरून ओढलं.

ओली लाल लोकर. उजव्या हाताचा मोजा. अंगठ्यावर सुटलेला टाका.

मी वर बघितलं. शेगडीच्या दांडीवर मातूशचे हातमोजे वाळत होते. डावा. उजवा. उजव्याच्या अंगठ्यावर सुटलेला टाका.

मी शेगडीचं दार उघडलं आणि हातातला आत टाकला. तो पेट घ्यायला फार वेळ लागला. आधी बराच वेळ नुसतं पाणी होत राहिलं.

दार ढकलून मातूश आत आला, गाल लाल, भुवयांवर बर्फ. रोझाल्का त्याच्याकडे झेपावली.

"तातो!"

"ऐकलंस? मला म्हणाली! मलाच म्हणाली ना?"

"तुलाच."

"माझे हातमोजे कुठे आहेत?"

"दांडीवर," मी म्हटलं. "दोन आहेत."

"मग किती असणार?" तो हसला.

मीही हसले. पोरीला त्याच्याकडून घेऊन इतकं हसले, की तीही हसायला लागली, आणि मग तो पुन्हा.